गोदाकाठचा सिंह

डोळे मिटायला नकोत. हातातलं काम तेवढं बाजूला सारा आणि दोन ओळींची एक गोष्ट ऐका. हाल सातवाहनाच्या नावावर असलेल्या गाथासप्तशतीतली ही गोष्ट आहे. भाषा महाराष्ट्री प्राकृत, आणि दोन ओळींपलीकडे जागा नाही.

एका देवभक्त माणसाला कुणीतरी बातमी देतं. ज्या कुत्र्याची तुम्हाला धास्ती होती, ते आज मेलं, आता खुशाल फिरा. मारलं कुणी? गोदावरीकाठच्या गचपणात तो माजलेला सिंह राहतो ना, त्यानं. एवढंच. गोष्ट संपली.

ऐकताना काय झालं ते आठवा. आधी हायसं वाटलं असेल, आणि लगेच कुठेतरी पाय अडखळला असेल. कुत्रं गेलं हे ठीक, पण सिंह? त्या अडखळण्यापाशी जरा थांबा. पुढे जायची घाई नाही.

आता विचारा, बोलतंय कोण? गाथेत ते सांगितलेलं नाही. टीकाकारांनी तो आवाज बाईचा मानला, आणि एकदा मानल्यावर दुसरा कुठलाच आवाज ऐकू येत नाही. ती दार अर्धं उघडून बोलते आहे, की पाणवठ्यावर घागर टेकवून? मला घागरवाली दिसते. तुम्हाला दिसते ती तुमची.

सिंह मोकळा आहे हे ठाऊक असताना ती ‘फिरा’ का म्हणते? त्या भक्ताला नदीकाठी फिरकू द्यायचं नसेल म्हणून. का फिरकू द्यायचं नाही? काठ निर्जन आहे, झाडी दाट आहे, आणि तिथे तिला कुणाला तरी भेटायचं आहे. बघा, प्रियकर आला. गाथेत त्याचा उल्लेखही नाही. त्याला तुम्ही आणून बसवलंत. रोज सकाळी तिथे फुलं तोडायला जाणारा भगतही टीकाकारांनीच रंगवला. गाथेत एक फूलसुद्धा नाही.

आणखी एक बारीक गोष्ट हातात घेऊन बघा. गाथेत नुसतं कुत्रं नाही, ‘ते’ कुत्रं आहे; नुसता सिंह नाही, ‘तो’ सिंह आहे. म्हणजे दोघांबद्दल यापूर्वी बोलणं झालेलं असणार. आजची बातमी ही त्या बोलण्याची पुढची पायरी. कुत्र्यानं भागलं नाही, म्हणून सिंह आणावा लागला असेल का? असेल. मला तरी हे ‘तो’ आणि ‘ते’ सगळ्या गाथेत सर्वांत बोलके वाटतात.

गोदावरीकाठची ही गाथा पार काश्मीरपर्यंत गेली. नवव्या शतकात आनंदवर्धनानं ‘ध्वन्यालोका’त ती घेतली: शब्द ‘जा’ म्हणतात, ध्वनी, म्हणजे शब्दांतून सुचणारा अर्थ, ‘जाऊ नको’ म्हणतो. अकराव्या शतकात महिमभट्टानं ‘व्यक्तिविवेक’ लिहून ते खोडून काढलं. वेगळा ध्वनी कशाला हवा, हे साधं अनुमान आहे. डोंगरावर धूर दिसला की अग्नी आहे म्हणतो, तसंच भित्रा माणूस आणि सिंह म्हटलं की तो जाणार नाही. शाळेत धड्याखाली ‘यावरून काय समजते?’ असा प्रश्न असायचा आणि उत्तर एकच बरोबर धरलं जायचं, त्या सगळ्यांचा हा पूर्वज म्हणायला हरकत नाही.

मम्मटानं ‘काव्यप्रकाशा’त महिमभट्टाला अडवलं, आणि ते अडवणं मला फार आवडतं. कुत्र्याला भिणारा माणूस सिंहाला भिईलच कशावरून? (कुत्र्याच्या बाबतीत प्रश्न सोवळ्याचाही असू शकतो, ही भर माझी.) भ्यायला तरी गुरूची आज्ञा असेल, कुणावरचं प्रेम असेल, तर जाईलही. आणि मुख्य म्हणजे, सिंह आहे हे कुणी पाहिलं? आपल्याकडे फक्त तिचा शब्द आहे.

इथे पुन्हा थांबा. तिच्या शब्दावर आपण सिंह खरा धरला. त्या सिंहावरून तिचा बेत ओळखला. बेत ओळखल्यावर तिला लबाड ठरवलं. आणि ती लबाड असेल, तर सिंह गेला. मग कुत्रं? तेही कदाचित परसात अंग मुडपून झोपलं असेल. धूर आपणच केला आणि अग्नीही आपणच शोधला. तरीही ती बाई खोटी वाटत नाही, उलट आधीपेक्षा जास्त खरी वाटते. असं का होतं, याचं उत्तर इतक्यात शोधू नका. प्रश्न थोडा वेळ तसाच जवळ राहू द्या.

मग परत गाथेत या. बोलणं संपलं आहे. तो माणूस अजून तिथेच उभा आहे. त्यानं काय ओळखलं? तोही ऐकणाराच आहे, आपल्यासारखा, आणि त्यालाही तेवढंच सांगितलं गेलंय. तो मान हलवतो, की नुसता तिच्याकडे बघतो? पाऊल कोणत्या वाटेवर टाकतो? बघत राहा. त्याच्या हातातली फुलांची परडी तेवढी काढून घ्या. ती गाथेत नव्हती.