भाकर कोणी मोडायची?

प्रभुभोजनाच्या वेळी भाकर मोडून देण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न ख्रिस्ती मंडळीत फार जुना आहे. खानदेशात तो उशिरा आला, आणि आला तोच दोन तयार उत्तरे घेऊन.

पहिले उत्तर कॅथलिक परंपरेचे. बाराव्या शतकात पीटर लोम्बार्डने संस्कार सात मोजले आणि 1547 मध्ये ट्रेंटच्या धर्मपरिषदेने त्यावर शिक्कामोर्तब केले: बाप्तिस्मा, दृढीकरण, ख्रिस्तशरीर, प्रायश्चित्त, रुग्णाभ्यंग, गुरुदीक्षा, विवाह. सोळा संस्कार ऐकत वाढलेल्या मराठी माणसाला ही यादी परकी वाटू नये. तिच्यातली गुरुदीक्षा कळीची. प्रेषितांपासून चालत आलेला अधिकार बिशप उमेदवाराच्या डोक्यावर हात ठेवून पुढे देतो. तो मिळाल्याशिवाय मिस्सा, म्हणजे भाकर मोडण्याची कॅथलिक उपासना, अर्पण करता येत नाही. दुसरे उत्तर लूथरचे. बाप्तिस्मा झालेला प्रत्येक जण याजकच आहे, असे त्याने 1520 मध्ये लिहिले, आणि प्रोटेस्टंट परंपरेत शेवटी सातांपैकी दोनच संस्कार उरले.

भुसावळसारख्या जंक्शनवर रेल्वेच्या नोकरदारांबरोबर फादर आणि मिस्सा आली. गावापाड्यांत मात्र बहुतेक ठिकाणी दुसरे उत्तर पोहोचले, तेही त्याच्या सर्वांत साध्या रूपात. पूर्व खानदेशात आणि वऱ्हाडात ए. बी. सिम्प्सन यांनी 1887 मध्ये उभारलेल्या चळवळीतून निघालेले अलायन्स मिशन होते. त्याचे मुख्य ठाणे अकोल्याला. पश्चिम खानदेशात, नवापूर-नंदुरबारकडच्या भिल्ल आणि मावची वस्त्यांत, स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशन आले. फ्रेड्रिक फ्रान्सन यांनी ते 1890 मध्ये शिकागोत सुरू केले होते. 1949 पासून त्याला ‘टीम’ म्हणतात. ही माणसे ‘संस्कार’ म्हणायलाही बिचकत. त्यांच्या लेखी ते नुसते विधी, आणि तेही दोनच: कळत्या वयात विश्वास कबूल करून पाण्यात बुडून घेतलेला बाप्तिस्मा, आणि प्रभुभोजन. तान्ह्या मुलाचे फक्त समर्पण करायचे. कृपा पाण्यात नाही, भाकरीत नाही आणि पाळकाच्या हातात तर नाहीच, ती विश्वासात आहे, ही त्यांची शिकवण.

मग पाळक हवा कशाला? तत्त्वाप्रमाणे खरोखरच फारसा नको होता. प्रत्यक्षात शाळा मिशनची, दवाखाना मिशनचा, पगार मिशनचा आणि अखेरचा शब्द बंगल्यातल्या साहेबाचा. सगळे विश्वासणारे याजक आहेत असे शिकवणाऱ्यांनीच टेबलामागची जागा बरीच वर्षे स्वतःकडे ठेवली, हे मला या इतिहासातले सर्वांत बोचरे वाटते. स्वातंत्र्यानंतर परदेशी मिशनरी कमी होत गेले आणि ती जागा स्थानिक पाळकाकडे आली. साहेब गेला तरी ‘पाळकसाहेब’मधला साहेब मात्र राहिला!

भक्तीचे तसे झाले नाही. ती कोणाच्या दीक्षेसाठी थांबलीच नाही. तिला मोठे बळ दिले रेव्ह. नारायण वामन टिळकांनी, म्हणजे धरणगावच्या बालकवींना ज्यांच्या नगरच्या घरात आसरा मिळाला, त्यांनीच. अभंग, भजन आणि कीर्तन त्यांनी मराठी ख्रिस्ती उपासनेत रुजवले. अभंग म्हणायला बिशपचा हात डोक्यावर लागत नाही. पुढे 1917 मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ मांडला, त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही जागा होती. लूथरने पाळक आणि सामान्य विश्वासणारा यांच्यातली भिंत पाडली. टिळकांनी बाप्तिस्म्याच्याच कुंपणाला हात घातला. 1919 मध्ये ते गेले आणि दरबार फार चालला नाही. संघटना म्हणून तो चालणेही कठीणच होते. तरी मूळ प्रश्नाला एवढ्या लांब मराठीत दुसऱ्या कोणी नेल्याचे मला दिसत नाही.

पुढे कॅथलिक बाजूही हलली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1963 मध्ये लोकभाषेला वाट दिली आणि लॅटिन मिस्सा मराठीत आली. 1987 मध्ये नाशिक धर्मप्रांत झाला आणि धुळे-जळगाव त्याच्या कक्षेत आले. भाकर फादरच मोडतात. पण त्या वेळची प्रार्थना आता मागच्या बाकावरच्या बाईलाही समजते. त्याआधी 1970 मध्ये नागपुरात सहा चर्च एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाले. त्यांनी बिशप ठेवले, आणि बालकाचा व प्रौढाचा असे दोन्ही बाप्तिस्मे मान्य केले. काहींना ही पळवाट वाटते. मला ती समजूतदार तडजोड वाटते, कारण पाण्यावरून चार शतके भांडून कोणाचाच विश्वास वाढलेला नव्हता.

स्त्रियांपाशी मात्र सगळेच अडखळले. मिशनच्या काळात बायबल वुमन घरोघर जाऊन वचन शिकवत. आजही घरप्रार्थना, उपास-प्रार्थना, आजाऱ्याच्या उशाशी बसणे यांचा भार बहुतेक बायकांवरच असतो. चर्च ऑफ नॉर्थ इंडियात स्त्रीला दीक्षा मिळू शकते. कॅथलिक गुरुदीक्षा पुरुषालाच. आणि कृपा पाळकाच्या हातात नसते असे ज्यांचे म्हणणे, त्या मंडळ्यांनी तरी ती भाकर बाईच्या हाती द्यायला इतका वेळ का घ्यावा, याचे उत्तर त्यांच्याच तत्त्वात कुठे सापडत नाही.