निळा रंग उतरण्याआधी

स्ट्रेप्टोमायसिस सीलिकलर हा मातीतला जिवाणू पेट्री डिशमध्ये वाढवला, तर सुरुवातीला नुसते ओलसर, चिकट ठिपके दिसतात. मग त्यांच्यावर पांढरी लव उगवते, बीजाणू धरले की ती राखाडी होते आणि भोवतीच्या आगरमध्ये हळूहळू निळा रंग उतरतो. हा रंग म्हणजे ॲक्टिनोऱ्होडिन, एक प्रतिजैविक. ते बनवणारी जनुकं जिवाणूत पहिल्यापासून असतात. तरी तो थांबतो.

या थांबण्याचं मला फार अप्रूप वाटतं. अन्न संपत आलं की हा जिवाणू स्वतःचेच जुने धागे विरघळवतो आणि त्यावर नवे, बीजाणू धरणारे धागे पोसतो. त्या विरघळलेल्या अन्नावर शेजारच्या जिवाणूंचाही डोळा असणारच. प्रतिजैविक नेमकं त्याच सुमाराला बाहेर पडतं. ते राखणीसाठी असावं, असं अनेक अभ्यासकांना वाटतं.

ही वेळ साधणाऱ्यांपैकी एक जनुक म्हणजे बीएलडीए. प्रथिनं बांधताना ल्युसीन आणून देणारे वाहक आरएनए पेशीत बरेच असतात. जनुकातली टीटीए ही तीन अक्षरं वाचू शकणारा वाहक मात्र एकच, आणि तो बीएलडीएमधून बनतो. या जिवाणूत ही अक्षरं क्वचितच आढळतात, पण निळा रंग सुरू करणाऱ्या नियंत्रक जनुकात ती आहेत. बीएलडीए बिघडलं तरी जिवाणू जगतो, वाढतो. फक्त लव येत नाही आणि निळा रंगही नाही. एवढं सगळं तीन अक्षरांपाशी अडतं!

याचाच भाऊबंद स्ट्रेप्टोमायसिस ग्रिसियस. ए-फॅक्टर नावाचा रेणू पुरेसा साठला, की या जिवाणूच्या जनुकांना दाबून धरणारं प्रथिन डीएनएवरून सुटतं आणि स्ट्रेप्टोमायसिन तयार होऊ लागतं. १९४३ साली न्यू जर्सीत अल्बर्ट शाट्झ आणि सेलमन वाक्समन यांना गवसलेल्या या औषधानं कितीतरी क्षयरोग्यांना मरणाच्या दारातून परत आणलं.

डेव्हिड हॉपवूड यांनी आयुष्यभर अभ्यासलेल्या सीलिकलरचा पूर्ण जनुकसंच २००२ साली प्रसिद्ध झाला. त्याची प्रतिजैविकांसारखी मोजकीच द्रव्यं ठाऊक होती, पण अशी द्रव्यं बनवणारे जनुकसमूह निघाले वीसहून अधिक. त्यांतले कित्येक प्रयोगशाळेत गप्पच राहतात. औषधांना न जुमानणारे जंतू वाढत असताना त्यांना बोलतं करण्याची धडपड मला मोलाची वाटते. अशाच एका समूहाला दाबून ठेवणारं जनुक संशोधकांनी काढून टाकलं, तेव्हा सीलिकलरनं पिवळं रंगद्रव्य बनवायला सुरुवात केली.