डोंग्याचा रंग

शिडाच्या जहाजांचे फोटो काळ्या-पांढऱ्यातच काढावेत, असा छायाचित्रकारांमध्ये एक जुना संकेत आहे आणि तो उगाच पडलेला नाही. डोलकाठ्या, दोरखंड, शिडांच्या घड्या, सगळा रेषांचाच मामला. रंग त्यात लुडबुड करतो. बंदरात हे पटतं. पण हाच संकेत गाठीशी बांधून आपले हौशी-व्यावसायिक कॅमेरेवाले गडचिरोलीत येतात आणि वैनगंगेत, प्राणहितेत, इंद्रावतीत डोंगा दिसला की रंग पुसून टाकतात. इथे ना डोलकाठी ना शीड. कोरलेलं खोड, पाण्याच्या जेमतेम वर असलेली त्याची कड आणि बांबू रेटणारा ढिवर. काळ्या-पांढऱ्यात हे सुंदर दिसतं, यात वाद नाही. ते सौंदर्य कशाच्या जोरावर उभं राहतं, हा माझा प्रश्न आहे.

या मुलखाची आपल्या मनातली जुनी चित्रं रंगहीनच आहेत. मुरिया आदिवासींवरचं व्हेरिअर एल्विन यांचं पुस्तक १९४७ चं, आदिलाबादच्या राजगोंडांवरचं फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांचं १९४८ चं. एक मुलूख इंद्रावतीपलीकडचा, दुसरा प्राणहितेपलीकडचा. त्या काळी पुस्तकात रंगीत छपाई ही चैन होती, तेव्हा त्यांच्या काळ्या-पांढऱ्या फोटोंना दोष देण्यात अर्थ नाही. आज मात्र फोन मुळात रंगीतच टिपतो. तो रंग मुद्दाम काढणारा माणूस समोरच्या नावाड्याला उचलून पाऊणशे वर्षं मागे नेऊन ठेवतो. मग त्या फोटोखाली ‘कालातीत’ असा शब्द येतो. (हा शब्द शहरातल्या माणसाच्या फोटोखाली मी कधी वाचलेला नाही.)

डोंगा कालातीत नाही. सिरोंच्याच्या बाजूला प्राणहिता, गोदावरी, इंद्रावती या तिन्ही नद्यांवर पूल झाले, तरी दोन पुलांच्या मधल्या गावांना पलीकडचं शेत, बाजार, मजुरी गाठायला नावच जवळ पडते. जानेवारी २०२४ मध्ये चामोर्शी तालुक्यातल्या गणपूरजवळ वैनगंगेत मिरची तोडायला निघालेल्या बायांची नाव उलटली. त्यांतल्या काहीजणी परतल्या नाहीत. पलीकडे चंद्रपूर जिल्हा, तिथे मजुरी. ही घटना आजच्या मजुरीच्या हिशेबातली आहे, कुठल्या आदिम नदीजीवनातली नव्हे. आणि रंगाचा प्रश्न इथे अगदी तांत्रिक होतो. लाल मिरची आणि तिचं हिरवं पान उजेडाच्या मापात बऱ्याचदा एकमेकांच्या जवळ असतात. फिल्टर न वापरता काळ्या-पांढऱ्यात आणलं की दोन्ही एकाच करड्या छटेत विरून जातात. बाई नदी का ओलांडत होती, हेच मग फोटोत उरत नाही. नावेतली निळी प्लास्टिकची कॅन, रेशनच्या पोत्यावरची छपाई, शाळकरी मुलीची लाल रिबन, या सगळ्यांची गतही तीच.

छायाचित्रकार रघुबीर सिंह आयुष्यभर रंगीत फिल्मवर काम करत राहिले. भारत रंगातच पाहावा लागतो, काळं-पांढरं ही पश्चिमेची नजर आहे, असं त्यांचं मत होतं. मी तितक्या टोकाला जाणार नाही. हिवाळी सकाळच्या तिरप्या उन्हात काठावर पालथा घातलेला डोंगा पाहावा. वाकसाचा एकेक घाव, लाकडाची नस, डांबर भरून बुजवलेली भेग, हे सगळं पोताचं काम आहे आणि तिथे रंग खरोखरच मधे येतो. कोळशाच्या खाणींभोवतीचा चंद्रपूरचा उन्हाळाही तसाच. धूळ बसलेल्या झाडांवर रंग शोधायला जाणं ही जबरदस्ती होईल.

शिवाय रंग म्हणजे सत्य, असंही नाही. डिजिटल सेन्सरचा एकेक बिंदू फक्त उजेड मोजतो. त्याच्यावर लाल, हिरवी, निळी यांपैकी एक काच असते आणि उरलेले दोन रंग शेजारच्या बिंदूंवरून अंदाजाने भरले जातात. ब्राइस बायर यांनी कोडॅकमध्ये ही जाळी आखली, १९७६ मध्ये तिचं पेटंट झालं. त्या जाळीत निम्म्या काचा हिरव्या. त्यावर फोनचा स्वतःचा भडकपणा चढला की आलापल्लीचं जंगल शाम्पूच्या जाहिरातीसारखं दिसू लागतं आणि पावसाळ्यातली गढूळ इंद्रावती उगाच निळसर होते. पर्यटनाच्या पत्रकांत हा रंग सर्रास आढळतो. तो पुसून टाकावासा वाटला, तर त्यात काही चूक नाही.

म्हणून मी डोंग्याच्या फोटोत आधी माणूस शोधतो. नुसतं लाकूड असेल तर काळं-पांढरं चालेल. माणूस बसलेला असेल तर रंग ठेवावा, तोही फोनने वाढवलेला नव्हे, निदान पाण्याच्या मातकटपणाशी इमान राखणारा. अंक एकरंगी छापायचा म्हणून संपादकांना काळं-पांढरंच हवं असेल, तर तेही द्यावं; पण मग खाली तारीख आणि घाटाचं नाव छापून घ्यावं, आणि ‘चित्र स्वच्छ दिसावं’ म्हणून कडेची ती प्लास्टिकची कॅन कापू देऊ नये.