टाकलेल्या वस्तूचा धनी

रस्त्यावर घाण टाकणाऱ्यास दंड करावा ही कल्पना नगरपालिकांबरोबर विलायतेहून आपल्याकडे आली, असा एक समज सुशिक्षितांत रूढ आहे. परंतु कौटिल्याच्या अर्थशास्त्रात ‘नागरिक’ या नगराधिकाऱ्याची कर्तव्ये सांगताना जो बारीक तपशील आला आहे, तो वाचल्यावर हा समज टिकत नाही. गल्लीत केरमाती टाकणाऱ्यास ‘पण’ या नाण्याचा आठवा हिस्सा दंड, चिखलपाणी तुंबवणाऱ्यास पाव पण, आणि हाच कसूर राजमार्गावर घडला तर दुप्पट. मेलेले मांजर, कुत्रे, मुंगूस किंवा साप नगराच्या आत टाकल्यास तीन पण, गाढव, उंट, घोडा किंवा गुरेढोरे टाकल्यास सहा, आणि मनुष्याचे प्रेत टाकल्यास पन्नास. पुण्यस्थान, पाणवठा आणि देवालय येथे मलविसर्जन करणाऱ्यास चढत्या श्रेणीने दंड आहे, मात्र औषध, व्याधी किंवा भय यांमुळे तसे घडले असेल तर माफीही आहे. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात तर राजमार्गावर घाण करणाऱ्याने दोन कार्षापण भरून शिवाय ती घाण तत्काळ काढावी, असे विधान आहे. तेव्हा कायद्याची वाण आपल्याला कधीच नव्हती.

मग स्नान, सोवळे आणि आचमन यांत ज्या समाजाने पिढ्यान्पिढ्या एवढी दक्षता बाळगली, त्याची ही दक्षता घराच्या उंबरठ्यापाशीच का थांबली? दारिद्र्य, लोकवस्तीची दाटी, अंमलदारांची ढिलाई ही कारणे नेहमी पुढे केली जातात आणि ती खोटी नाहीत. पण ज्या घरात दारिद्र्य नाही, दाटी नाही आणि ज्याच्या दाराशी घंटागाडी रोज वेळेवर येते, त्या घरातूनही खरकटे, काचा आणि औषधांच्या बाटल्या एकाच पिशवीत कोंबून बाहेर येतात, त्याचा उलगडा या कारणांनी होत नाही. याचे उत्तर आपल्या धर्मविचारातच, त्यातही त्यागाच्या कल्पनेत शोधले पाहिजे, असे मला वाटते.

मीमांसकांनी यागाचे लक्षण सांगताना म्हटले की देवतेला उद्देशून केलेला द्रव्याचा त्याग म्हणजे याग. आहुती अग्नीत पडते त्या क्षणी यजमान ‘हे माझे नव्हे’ असे उच्चारतो, पण त्याआधी ते कोणाचे, हेही तो नाव घेऊन सांगतो. धर्मशास्त्रकारांनी दानाची व्याख्या करतानाही हाच काटेकोरपणा ठेवला: आपले स्वत्व निवृत्त होणे एवढ्याने दान होत नाही, दुसऱ्याचे स्वत्व उत्पन्न व्हावे लागते. तळे किंवा विहीर बांधून ती सर्व प्राणिमात्रांसाठी सोडणाऱ्यालासुद्धा संकल्पात त्या सर्वांचा उल्लेख करावा लागतो. म्हणजे आपल्या शास्त्राला मान्य असलेल्या प्रत्येक त्यागात एक ग्रहीता आहे, आणि त्याच्याकडे तोंड करूनच त्याग करावयाचा आहे. ज्या त्यागात ‘माझे नव्हे’ एवढाच अर्धा भाग उरतो आणि ‘मग कोणाचे’ हा प्रश्न मनात उठतच नाही, त्याला शास्त्रात जागा नाही. रोज सकाळी लक्षावधी घरांतून होणारा त्याग मात्र नेमका या जातीचा असतो.

आणि तरीही त्या वस्तूला ग्रहीता असतोच. फक्त आपण त्याच्याकडे पाहत नाही. हे न पाहणे मात्र आपसूक घडलेले नाही. नारदस्मृतीने कामांची शुभ आणि अशुभ अशी वाटणी केली. घरदार, शौचस्थान, रस्ता आणि उकिरडा झाडणे, उच्छिष्ट काढून टाकणे ही अशुभ कामे ठरवली, आणि ती दासांची म्हणून नेमून दिली. पुढे हीच वाटणी जातींच्या जन्मावर कायम झाली. एका बाजूला दंडाचे कलम आणि दुसऱ्या बाजूला ही वाटणी असताना जिंकणार कोण, हे उघड होते. घाण काढण्यासाठी जन्मलेला मनुष्य ज्याने गृहीत धरला, त्याला घाण टाकण्यात अधर्म कसा दिसावा? आपले शौच दुसऱ्याच्या अशौचावर उभे राहिले, आणि त्यालाच आपण शुचिता म्हणत आलो. हे मी फार दुःखाने लिहितो, कारण या परंपरेतील त्यागविचार मला मनापासून पूज्य वाटतो.

पुण्यात कागद, काच, पत्रा वेचणाऱ्या कष्टकऱ्यांची पंचायत १९९३ साली उभी राहिली, आणि पुढे तिच्यातूनच दारोदार कचरा गोळा करणारी ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची स्वतःची सहकारी संस्था निघाली. यांतील बहुसंख्य स्त्रिया आहेत. सोसायट्यांचे जिने चढून-उतरून ढकलगाडी भरली की त्या रस्त्याच्या कडेला एखाद्या झाडाखाली उकिडव्या बसतात आणि वर्गीकरण सुरू होते. पिशवीची गाठ डाव्या हाताने ओढून सोडायची, तोंड फाकवून आत पाहायचे, मग उजवा हात घालायचा. उसळीच्या पाण्यात भिजलेले वर्तमानपत्र निकामी होते, त्याला भंगारवाला भाव देत नाही. तेच कोरडे मिळाले असते तर किलोमागे चार पैसे पदरात पडले असते. पुठ्ठा एका पोत्यात, दुधाच्या पिशव्या दुसऱ्यात, बाटल्या तिसऱ्यात. मधूनच हात चटकन मागे येतो: दाढीचे पाते असते, फुटक्या बरणीची काच असते, नाहीतर इंजेक्शनची सुई असते. ज्याने ते पाते पिशवीत टाकले, तो दुष्ट नव्हता. त्या क्षणी त्याच्या मनात कोणी मनुष्यच नव्हता, एवढेच.

याच स्त्रियांनी पुणेकरांना एक साधी विनंती केली. वापरलेले सॅनिटरी पॅड वर्तमानपत्रात घट्ट गुंडाळावे आणि त्या पुडीवर लाल ठिपका काढावा, म्हणजे ती उघडून पाहण्याची वेळ येणार नाही. या ठिपक्याचा मी जितका विचार करतो, तितके त्याचे मोल मला अधिक वाटते. तो काढण्यासाठी घरातल्या बाईला क्षणभर थांबावे लागते, पेन शोधावे लागते, आणि ही पुडी कोणाच्या तरी हाती जाणार आहे हे मनात आणावे लागते. यजमानाने देवतेचे नाव घेण्याने आहुतीचे जे होते, तेच या खुणेने त्या पुडीचे होते; त्यागाला उद्देश मिळतो.

केंद्र सरकारने ८ एप्रिल २०१६ रोजी घनकचरा व्यवस्थापनाचे जे नियम जारी केले, ते या दृष्टीने वाचले तर ते निव्वळ आरोग्यखात्याचे परिपत्रक राहत नाहीत. कचरा निर्माण करणाऱ्याने कुजणारा, न कुजणारा आणि घरगुती घातक असे त्याचे तीन भाग करावेत. सॅनिटरी कचरा नीट गुंडाळून द्यावा. आपल्या जागेबाहेर रस्त्यात, उघड्या मैदानात, गटारात किंवा जलाशयात कचरा टाकू नये, जाळू नये, पुरू नये. शंभरांहून अधिक माणसांचा मेळावा परवाना नसलेल्या जागी भरवायचा तर कामाचे तीन दिवस आधी नगरपालिकेला कळवावे, अशा तरतुदी त्यांत होत्या. रस्त्यावर टाकू नये हा निषेध कौटिल्याच्याच वंशातला आहे. वेगळे करून द्यावे हा विधी मात्र नवा आहे, आणि माझ्या मते धर्मदृष्ट्या तोच मोठा आहे. कारण निषेध पाळणाऱ्याला केवळ दंडाचे भय पुरते, पण विधी पाळणाऱ्याला घेणाऱ्याचा हात डोळ्यांपुढे आणावा लागतो.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो गंभीर आहे. ग्रहीत्याला देवतेच्या जागी बसवणे म्हणजे त्याच्या वाट्याला आलेल्या कामाला पावित्र्याचा मुलामा देणे नव्हे काय? अप्पासाहेब पटवर्धनांनी १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात भंगीकाम मिळावे म्हणून आग्रह धरला आणि त्यांच्या पाठिंब्यासाठी येरवड्यात गांधीजींनी उपोषण आरंभिले. गाडगेबाबांनी गावोगाव आधी खराटा चालवला आणि मग रात्री कीर्तन केले. ही माणसे वंदनीय आहेत, कारण त्यांनी स्वतःचा हात घाणीत घातला. पण डॉ. आंबेडकरांनी दाखवून दिले की भंगी हा कामाने नव्हे, जन्माने भंगी ठरवला जातो, मग तो ते काम करो वा न करो. आणि जे काम माणसावर लादले गेले त्याची थोरवी त्यालाच गाऊन दाखवणे हे क्रौर्य आहे. हे म्हणणे मला पूर्णपणे मान्य आहे. म्हणूनच वेचणाऱ्या बाईचे काम पवित्र आहे असे मी म्हणत नाही. पाते निराळे गुंडाळण्याचे माझे काम मी तिच्यावर ढकलू नये, एवढाच माझ्या म्हणण्याचा रोख आहे, आणि त्यात पावित्र्य असलेच तर ते देणाऱ्याच्या बाजूचे आहे.

जे घराचे, तेच शहराचे. पुण्याचा कचरा वर्षानुवर्षे उरुळी देवाची आणि फुरसुंगी यांच्या शिवारात जाऊन पडला; विहिरींचे पाणी नासले, दुर्गंधी आणि माशा घराघरांत शिरल्या, आणि गावकऱ्यांनी पुनःपुन्हा रस्त्यात उभे राहून गाड्या अडवल्या. त्या दिवसांत शहरात कचऱ्याचे ढीग साचले की वर्तमानपत्रांतून पुण्याची कचराकोंडी झाली म्हणून ओरड होई. कोंडी खरी त्या गावांची झाली होती. संपूर्ण नगराने मिळून ‘माझे नव्हे’ म्हटले आणि कोणाचे, हे त्या गावांना विचारलेही नाही.

राहिला मोबदल्याचा प्रश्न. कचरा नेणाऱ्या बाईला दरमहा जे शुल्क द्यावयाचे, ते देताना कित्येक चांगल्या घरांत कुरकुर होते. घर महिनाभर बंद होते, कचरा दिलाच नाही, मग पैसे कशाचे, असा हिशेब मांडला जातो, आणि त्याच घरातून दिवाळीला जुनी साडी व फराळाचा पुडा मोठ्या प्रेमाने दिला जातो. प्रेमाबद्दल मला शंका नाही. पण ऋत्विजांना मिळणारी दक्षिणा हे दान नव्हे, कर्मासाठी त्यांना नेमल्याचे ते वेतन आहे, असा निर्णय मीमांसकांनी फार पूर्वी देऊन ठेवला आहे. दक्षिणेवाचून याग पुरा होत नाही, आणि साडी दिल्याने दक्षिणा चुकती होत नाही. २०१६ च्या नियमांनी हे शुल्क कचरा निर्माण करणाऱ्याचे कर्तव्य म्हणून लिहून ठेवले. ते महिन्याच्या पहिल्या आठवड्यात, तिला दोनदा जिना चढायला न लावता, पुरे द्यावे. साडी द्यावीशी वाटली तर तीही द्यावी, पण ती वेगळी.