शब्दार्थांची वही

वडूजला शाळेत असताना इंग्रजीच्या वहीचं पान मधोमध दुमडलेलं असायचं. डावीकडे शब्द, उजवीकडे अर्थ. 'रन' म्हणजे धावणे, हे तेव्हा घोकून पक्कं केलं. पुढे वाचलेल्या एका गोष्टीत नळ 'रन' होत होता, दुसरीत एक बाई दुकान 'रन' करत होती, तिसरीत सर्दी झालेल्या पोराचं नाक. वहीतला अर्थ कुठंच बसेना. पण गोष्ट कळत होती, आणि तिच्या आधारानं शब्दही कळला.

विटा-खानापूर-आटपाडीकडचे गलाईवाले सोनं-चांदी गाळायला थेट तमिळनाडू-केरळात जातात. तिथली भाषा त्यांना कुणी पाठ करायला देत नाही. गिऱ्हाइकाशी बोलता बोलता, भाव ठरवता ठरवता तेच शब्द रोज कानावर पडतात आणि अंगवळणी पडतात. वडूजच्या पोराला इंग्रजीचा असा बाजार कुठं मिळणार? एसटी स्टँडवर नाही, येरळेकाठी नाही, घरात तर नाहीच. त्याचा बाजार म्हणजे पुस्तक.

व्यंकटेश माडगूळकरांनी हे करून दाखवलं. १९२७ साली माडगूळ्यात जन्म; गाव तेव्हा औंध संस्थानात, आणि औंध आमच्या खटाव तालुक्यातलं. शाळा अर्ध्यावर सुटली. पाश्चात्त्य साहित्य वाचायचं म्हणून ते स्वतःच इंग्रजी शिकले आणि स्टाइनबेक, लिअम ओफ्लाहर्टीपर्यंत पोचले. मला यात महत्त्वाचं वाटतं ते हे, की इंग्रजी यावं म्हणून त्यांनी पुस्तकं हाती घेतली नाहीत. पुस्तकं हवी होती म्हणून इंग्रजी घेतलं.

मात्र कोणतंही पुस्तक चालत नाही. न्यूझीलंडचे भाषा-अभ्यासक पॉल नेशन यांच्या संशोधनानुसार, मदतीशिवाय नीट समजायचं तर मजकुरातले शंभरातले सुमारे ९८ शब्द आधी ठाऊक हवेत. म्हणजे पन्नास शब्दांत एखादाच नवा. आपल्या पोरांना ओळीओळीला तीन शब्द अडतात आणि आपण त्यांना कच्ची ठरवतो. कच्चं असतं ते आपण निवडलेलं पुस्तक.

२००० सालापासून महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी आहे. तरी कितीतरी मुलांच्या हाती वर्षभर एकच इंग्रजी पुस्तक असतं, तेही परीक्षेचं. खटाव-माणमधल्या शिक्षकांना माझी विनंती आहे: वर्गात सोप्या इंग्रजी गोष्टींचं एक कपाट ठेवा, कुलूप न लावता. आणि त्या पुस्तकांचे शब्दार्थ लिहून आणायला सांगू नका.