निश्चयाचे कान

ध्येय गाठायचे असेल तर लोकांचे ऐकणे बंद करावे, हा सल्ला सध्या प्रेरणादायी व्याख्यानांतून, स्पर्धा परीक्षांच्या क्लासच्या फलकांवरून आणि मोबाइलवर सकाळी येणाऱ्या सुविचारांतून सर्रास दिला जातो. गंमत अशी की त्याच व्याख्यात्यांच्या दुसऱ्या सत्रात ‘उत्तम श्रोता’ होण्याचे तंत्रही शिकवतात: समोरच्याच्या डोळ्यांत पाहावे, मान डोलवावी, त्याचे म्हणणे आपल्या शब्दांत परत म्हणून दाखवावे. एक सत्र निश्चयाचे, दुसरे शिष्टाचाराचे. या फारकतीला आधार म्हणून हटकून परंपरेचाच हवाला दिला जातो. परंपरा मात्र नेमके उलटे सांगते.

श्रवण, मनन, निदिध्यासन हा वेदान्तातला क्रम आणि नवविधा भक्तीत श्रवणाला असलेला पहिला मान सर्वांना ठाऊक आहे. ज्ञानेश्वर नवव्या अध्यायाच्या आरंभीच श्रोत्यांकडे अवधान मागतात, हेही नव्याने सांगायला नको. गीतेचा शेवट मात्र सहसा घाईने वाचला जातो. सांगितल्याप्रमाणे वागेन, हा अर्जुनाचा निश्चय अठराव्या अध्यायाच्या त्र्याहत्तराव्या श्लोकात येतो. त्याच्या आधीच्या श्लोकात कृष्णाने त्याला पहिली गोष्ट विचारलेली असते ती ही: हे सगळे एकाग्र चित्ताने ऐकलेस ना? 1915 साली प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’तून वाचकांनी कर्मयोग उचलला तो त्र्याहत्तराव्या श्लोकाच्या बळावर. बहात्तरावा मागेच राहिला.

खरा गैरसमज आहे तो रामदासांविषयी. ज्ञानेश्वर-तुकारामांपर्यंत ऐकण्याची परंपरा आणि समर्थांपासून करण्याची, असा एक सोयीस्कर नकाशा शाळेपासून डोक्यात बसलेला असतो. प्रयत्नवादी रामदास, बलोपासक रामदास, राजकारणी रामदास. बाराव्या दशकातली यत्नाची शिकवण आणि अकराव्यातले राजकारण निरूपण यांचे दाखले तोंडपाठ असतात. पण त्याच दासबोधात चौथ्या दशकाचा पहिला समास श्रवणभक्तीचा आहे आणि सातव्या दशकातले आठवा व नववा हे लागोपाठचे दोन समास पुन्हा श्रवणालाच दिलेले आहेत. एकदा जेवले म्हणून कोणी जेवण सोडत नाही, तसे ऐकलेलेच पुन्हा ऐकावे, असे समर्थ तिथे सांगतात. श्रवणाचा अनादर आणि आळस करणाऱ्याचे स्वतःचेच हित बुडते, असेही बजावतात. परमार्थात स्वहित म्हणजे मोक्ष हे खरे. पण समर्थ प्रपंच नेटका करायला सांगतात तेव्हाही त्यांचा हिशेब बदलत नाही.

आठव्या दशकातल्या दुश्चित निरूपणात तर श्रवण आणि यत्न यांचा सांधा उघडाच दिसतो. ऐकायला बसल्याबरोबर अंग मोडणारा, जांभया देणारा, पेंगणारा श्रोता समर्थांनी असा रंगवला आहे की आजच्या कोणत्याही सभागृहात तो शेजारच्या खुर्चीवर सापडावा. फक्त हल्ली तो पेंगत नाही, खाली मान घालून मोबाइल पाहतो. ही टवाळी शिष्टाचारासाठी नाही. चित्त ठिकाणावर नसले की आळस येतो, आळसातून झोप, आणि झोपेत आयुष्याचा नाश, अशी कारणपरंपरा ते मांडतात. म्हणजे ज्या आळसाविरुद्ध यत्न उभा करायचा, त्याचे मूळच न ऐकण्यात आहे. यत्नवाद हा श्रवणाला पर्याय म्हणून आलेला नाही. तो श्रवणावरच उभा आहे. विसाव्या शतकात स्वातंत्र्याच्या चळवळीला कृती हवी होती, म्हणून तिने समर्थांचा अर्धा भाग उचलला. ते समजण्यासारखे आहे. स्वराज्य येऊन इतकी वर्षे लोटल्यावरही तो अर्धाच भाग पूर्ण म्हणून खपवणे समजण्यासारखे नाही.

‘कोणाचे ऐकू नका’ म्हणणाऱ्यांना पेशव्यांचे सेनापती बापू गोखले यांचे उदाहरण फार प्रिय आहे. 5 नोव्हेंबर 1817 रोजी खडकीच्या लढाईच्या तोंडावर दुसऱ्या बाजीरावाचे मन कचरले आणि पहिली तोफ आपल्याकडून डागू नये, असा निरोप त्याने गोखल्यांकडे धाडला. ग्रँट डफच्या इतिहासानुसार जासूद येताना दिसताच गोखल्यांनी निरोप ओळखला आणि तो पोचण्याआधीच नऊ तोफांचा मारा सुरू केला. पण हे बहिरेपण नव्हे. ज्याने धन्याची चलबिचल जवळून पाहिली आहे, त्यालाच न उच्चारलेला निरोप ऐकू येतो.

त्याच दुपारी उलटी बाजूही दिसली. इंग्रजांची एक पलटण पाठलागाच्या भरात आपल्या रांगेपासून सुटी झाली, हे गोखल्यांनी हेरले आणि निवडक घोडदळ तिच्यावर घातले. जरीपटका पुढे होता, घोडे भरधाव सुटले होते. मधे खोल दलदल होती आणि डफच्या म्हणण्याप्रमाणे ती दोन्ही बाजूंना ठाऊक नव्हती. पुढचे घोडे तिच्यात कोसळले, मागचे त्यांच्यावर आले आणि हल्ला तिथेच मोडला. धैर्याची कमतरता कुठेच नव्हती. जमीन मात्र कोणी विचारलेली नव्हती, तीही पुण्याच्या वेशीवरची. जरीपटका सांभाळणारे मोरो दीक्षित त्या दिवशी पडले. गोखले पुढे फेब्रुवारी 1818 मध्ये आष्टीला पडले.

त्याच खडकीत पाठीच्या कण्याला इजा झालेल्या सैनिकांसाठी 1974 पासून पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर चालते. तिथले रहिवासी व्हीलचेअरवरून बास्केटबॉल खेळतात, काहीजण तोंडात कुंचला धरून चित्रे काढतात. अशा ठिकाणी निश्चयाची भाषणे द्यायची गरज नसते. शिकावे लागते ते वेगळेच: न बोलणाऱ्या शरीराचे ऐकणे. इजेच्या खालच्या भागातून वेदना मेंदूपर्यंत पोचत नाही, त्यामुळे शरीर तक्रार करत नाही. ज्यांच्या हातांत बळ आहे त्यांनी ठरावीक वेळाने खुर्चीच्या हातांवर जोर देऊन अंग उचलायचे, म्हणजे एकाच जागी दाब राहत नाही. ज्यांना ते जमत नाही त्यांना दुसऱ्याने वळवायचे. रोज आरसा धरून किंवा शेजाऱ्याला विचारून पाठ, माकडहाड, टाचा तपासायच्या. आज चांगला सराव होतोय म्हणून हे टाळले तर शय्याव्रण होते. ते चिघळले की पोटावर पडून राहण्यात महिने जातात आणि जीवालाही धोका असतो. म्हणून त्वचेवर न विरणारा लाल डाग दिसला की तो जाईपर्यंत त्या जागेवर भार द्यायचा नाही, मग सामना दुसऱ्या दिवशी का असेना.