तुलनेचा क्रम आणि न्याय

तुलना ही ज्ञानप्रक्रिया आहे, हे समीक्षाव्यवहारात गृहीतच असते. ती निवाड्याचीही प्रक्रिया आहे, याकडे मात्र क्वचितच लक्ष जाते. साम्यभेद मांडणाऱ्या परिच्छेदाची रचना कशी करावी, हा प्रश्न त्यामुळे केवळ लेखनतंत्राचा राहत नाही. अशा रचनेच्या दोन रीती परिचित आहेत. एकीत पहिल्या विषयाचे विवेचन पूर्ण करून मग दुसऱ्याकडे वळतात. दुसरीत एकेक मुद्दा घेऊन दोन्ही विषय शेजारी ठेवतात. पहिलीत विषयाची अखंडता टिकते, परंतु आधी आलेला विषय नकळत मानदंड होतो. दुसरीत पारख समोरासमोर होते, परंतु मुद्दे कोणाच्या बाजूने निवडले गेले, हे झाकले जाते.

ठाणे आणि कल्याण-डोंबिवली यांच्या तुलनेत हे स्पष्ट दिसते. मुंबईहून ठाण्यापर्यंत आगगाडी १६ एप्रिल १८५३ रोजी धावली. कल्याणपर्यंतचा मार्ग १ मे १८५४ रोजी खुला झाला. ठाण्याची महानगरपालिका १९८२ मधील, कल्याण-डोंबिवली परिसराची १९८३ मधील. एवढेच मुद्दे घेतले तर कल्याण म्हणजे उशिरा पोहोचलेले ठाणे ठरते. परंतु कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ मधील आहे, तर ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ मधील. शिवाय या दोन संस्थांचे प्रयोजनही तंतोतंत एक नाही: एकीच्या नावात सार्वजनिक वाचन आहे, दुसरीच्या नावात मराठी ग्रंथांचा संग्रह. म्हणजे मुद्दा बदलताच क्रम उलटतो, आणि मुद्दाही दोन्हीकडे सारखाच आहे, असे नि:शंकपणे म्हणता येत नाही.

वाक्यरचनाही तटस्थ नसते. ‘आगगाडी ठाण्याला आधी आली, पण वाचनालय कल्याणात आधी निघाले’ आणि ‘वाचनालय कल्याणात आधी निघाले, पण आगगाडी ठाण्याला आधी आली’ या दोन वाक्यांत तथ्ये तीच आहेत. निवाडा वेगळा आहे. मराठीत ‘पण’नंतर येणाऱ्या बाजूकडे वजन झुकते. ‘तर’ने जोडलेली वाक्ये त्या मानाने समतोल राहतात.

भारतीय काव्यशास्त्राने उपमेची चार अंगे सांगितली: उपमेय, उपमान, साधारणधर्म आणि वाचकशब्द. यांतील साधारणधर्म हाच तुलनेचा खरा न्यायासनाधिकारी होय. तो एकाच पक्षाच्या घरून आणला, तर दुसऱ्या पक्षाला केवळ ‘कमी’ किंवा ‘अधिक’ एवढेच होता येते. वेगळे होता येत नाही. ‘कल्याण-डोंबिवली’ या नावातील संयोगचिन्हही असेच एक पूर्वनिर्णीत साम्य आहे. प्राचीन बंदर म्हणून ज्ञात असलेले कल्याण आणि लोकलच्या वेळापत्रकावर वाढलेली डोंबिवली यांतील भेद ठाण्याशी तुलना सुरू होण्यापूर्वीच मिटवला जातो.

हा दोष केवळ शहरांपुरता नाही. दलित साहित्याची तुलना प्रस्थापित साहित्याशी करताना साधारणधर्म दीर्घकाळ प्रस्थापितांकडूनच घेतला गेला. शरणकुमार लिंबाळे यांच्या ‘दलित साहित्याचे सौंदर्यशास्त्र’ (१९९६) या ग्रंथाच्या शीर्षकातच मानदंडाच्या मालकीचा प्रश्न आहे.

यावर तुलनाच टाळणे हा उपाय नव्हे. तुलनेवाचून भेदही कळत नाही. मार्ग उपमेयोपमेत सुचवलेला आहे: तेथे उपमेय आणि उपमान परस्परांची जागा घेतात. परिच्छेद लिहून झाल्यावर दोन्ही पक्षांची अदलाबदल करून तो पुन्हा वाचावा. कल्याणच्या मुद्द्यांवर ठाण्याला उभे करावे. निष्कर्ष टिकला, तर तो तथ्यांचा होता. कोसळला, तर तो क्रमाचा होता, आणि क्रमाने दिलेल्या निवाड्याला न्याय म्हणता येत नाही.